डायवरमामांचे बारमाही टायर

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगानं जाणारी एकच स्पोर्ट्स कार आहे, आणि तिला थांबे आहेत. पंचायत, दवाखाना, हायस्कूल, फणसाचं झाड, कुंबारवाडा फाटा. चढायला कुणी असो नसो, उतरायला कुणी असो नसो, ती लाल, दोन दारांची, पोट जमिनीला लावून चालणारी गाडी प्रत्येक थांब्याला डावीकडं घेऊन उभी राहते. चालवणारा आरशात मागं बघतो. मागं खरं तर काहीच नसतं, सीटच दोन आहेत. मग गाडी पुन्हा निघते.

चालवणारे म्हणजे पुंडलिक मिराशी. सरकारी बसचे निवृत्त ड्रायव्हर. पण त्यांना पुंडलिक म्हणून हाक मारणारं जोयड्यात कुणी मला भेटलं नाही. लहानथोर सगळे त्यांना डायवरमामा म्हणायचे. मी तिथल्या हायस्कूलात सात वर्षं गणित शिकवलं आणि सातही वर्षं त्यांच्या घरासमोरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. मला सायकलीपलीकडं काही चालवता येत नाही. तरीसुद्धा टायर या विषयावर आज मी कुठल्याही जाणकाराशी तासभर वाद घालू शकतो, तो या माणसाच्या शेजाराचा परिणाम.

मामा उंच, काटकुळे, आणि कायम खाकीत. निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यात त्यांनी काय केलं असेल, तर दोन नवे खाकी शर्ट शिवून घेतले. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, अंगाला दुसरा रंग लावला की आपण कुणाच्या तरी लग्नाला आलोय असं वाटतं. खांद्यावर घडी घातलेला टॉवेल असायचा. तो बसच्या सीटवर टाकायचा टॉवेल. गाडीत तोच टॉवेल टाकून ते बसत, आणि सीट इतकी खाली की गुडघे छातीला लागत. लांबून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस आंघोळीच्या घंगाळात बसून चाललाय.

ही गाडी त्यांच्याकडं आली कशी, याच्या जोयड्यात पाच-सहा कथा आहेत. खरी साधी आहे. गोव्यात कुणाच्या लग्नाला गेले होते. तिथं एका हॉटेलमालकाच्या अंगणात माडाखाली ही गाडी चार वर्षं पडून होती. वर झावळ्या, आत मांजरीची पिल्लं. मालकाला ती कुणीतरी नेली तर बरं, असं झालं होतं. मामा जेवायच्या पंगतीतून उठून गेले ते गाडी घेऊनच आले. पिल्लं मालकाला परत दिली.

पण घेतली का, हे मला त्यांनी पुढं कधीतरी ओट्यावर सुपारी कातरताना सांगितलं. "मास्तर, बत्तीस वर्सं माज्या मागं पन्नास मान्सं बसली. कोन वकतंय, कोन भांडतंय, कोन म्हंतंय हितंच थांबवा. ह्या गाडीत सीट किती? दोन. एक माजी, एक तिची. तिसऱ्याला जागाच न्हाई. असली गाडी असती हे मला ठावंच नव्हतं."

ती म्हणजे सरसूमामी. त्यांच्या पत्नी. बुटक्या, गोऱ्या, आणि बोलण्यात अशा की मामांच्या तोंडातला शब्द बाहेर पडायच्या आत त्याचं उत्तर तयार. बत्तीस वर्षांत मामी त्यांच्या बसनं असंख्य वेळा गेल्या, पण तिसऱ्या रांगेत खिडकीशी, आणि तिकीट काढून. मामांनीच तशी सक्ती केली होती. नवऱ्याच्या शेजारी बसून कुठं जाणं हे त्यांच्या आयुष्यात झालंच नव्हतं.

आणि माहेरही राहून गेलं होतं. मामींचं माहेर गुंदच्या पलीकडं, जंगलातल्या एका वाडीवर. आमच्याकडं नागपंचमीला लेकी माहेरी जातात. झोपाळे बांधतात, हळदीच्या पानातल्या पातोळ्या करतात, लाह्या फोडतात. पण सणाला बसला गर्दी, गर्दीला जादा फेऱ्या, जादा फेऱ्यांना मामा. ते कुठल्या वेळी घरी येतील याचा नेम नाही, म्हणून मामी चुलीपाशी. बत्तीस पंचम्या अशा गेल्या. मामींनी कधी तक्रार केली नाही, फक्त दर पंचमीला पातोळ्या जरा जास्त करायच्या आणि बसनं भावाकडं पाठवायच्या. निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यात हार असतानाच मामा म्हणाले होते, आता दर पंचमीला तुला माझ्या गाडीनं माहेरी सोडीन. शब्द देऊन बसले आणि मग गाडी शोधली, असा हा उलटा प्रकार होता.

मी त्या गाडीत पहिल्यांदा बसलो तो गणेशगुडीला जायला. बसलो, दार लावलं. गाडी घुरघुरत होती पण हलेना. मामा समोर बघत शांत बसलेले. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मास्तर, रैट म्हना."

आमच्या भागात कंडक्टर बस सोडताना रैट म्हणतो. ते ऐकल्याशिवाय ड्रायव्हरनं पाय हलवायचा नाही, हा बत्तीस वर्षांचा नेम. मी म्हटलं, मामा, मी तर तुमच्या शेजारीच बसलोय, दिसतोय ना? तर म्हणाले, शेजारी बघून गाडी चालवणं चूक. मागून रैट आलं पाहिजे, मगच मला कळणार की चढलेला माणूस नीट बसला. मी रैट म्हणालो. गाडी निघाली आणि शंभर पावलांवर पंचायतीच्या थांब्याला उभी राहिली. तिथं पुन्हा रैट. गणेशगुडीला पोचेपर्यंत माझा घसा बसला होता. वाटेत चहाला दहा मिनिटं थांबलो. निघताना मामांनी गाडीत बसून तीनदा हॉर्न वाजवला, पॅसेंजरांना बोलवायला. पॅसेंजर मीच होतो आणि बशी हातात घेऊन त्यांच्या दाराशीच उभा होतो.

गाडीच्या आत पत्र्यावर त्यांनी पेंटरकडून कन्नडमध्ये आणि मराठीत लिहून घेतलं होतं: हात व डोके बाहेर काढू नये. या बाबतीत ते फार कडक. खिडकीतून कुणाचं कोपर दिसलं की बस उभी करून बोलत. गाडीतही तेच. मी एकदा वारा लागावा म्हणून चार बोटं बाहेर काढली तर फणसाच्या झाडापर्यंत मला ऐकून घ्यावं लागलं.

मामी मात्र रैट म्हणायच्या नाहीत. बत्तीस वर्षं तिकीट काढलं, आता कंडक्टर होऊ काय, हा त्यांचा सवाल. मामा रैटशिवाय निघायचे नाहीत. म्हणून त्या दोघांना बाजाराला जायचं असलं की मामी बसल्यावर समोरच्या खोलीच्या दारातून मी रैट ओरडायचो. पुढच्या थांब्यांवर तिथं उभं असलेलं कुणी ना कुणी ते ओरडायचं. गणित शिकवून झाल्यावर माझं हे दुसरं काम होतं.

आता टायरकडं येतो.

गाडी आली तेव्हा तिला मूळचेच टायर होते. रुंद, काळेशार, जवळजवळ गुळगुळीत. मामांना ते पहिल्यापासून पसंत नव्हते. ते उन्हाळी टायर, कोरड्या रस्त्यावर पळण्यासाठी केलेले, आणि चार वर्षं माडाखाली उभे राहून लाकडासारखे झालेले. तरी पहिल्या पंचमीला शब्दाखातर त्याच टायरांवर मामींना घेऊन निघाले. गुंदच्या अलीकडं कारवीची चढण म्हणून एक उभी चढण आहे. डांबर नावाला, वरून लाल चिखलाचं पाणी. गाडी अर्धी चढली, मागं सरली, गोल फिरली आणि तोंड जोयड्याकडं करून उभी राहिली.

मामी खाली उतरल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "गाडीलाच माज्या म्हायराला यायचं न्हाई." मागून बस येत होती. ती त्यांनी हात करून थांबवली, तिकीट काढलं, तिसऱ्या रांगेत बसल्या आणि माहेरी गेल्या. मामींचा भाऊ भिवा टिलर घेऊन खाली आला. टिलर म्हणजे भातशेतीत फिरवायचं हातात धरायचं नांगरटीचं यंत्र. त्या टिलरला दोर बांधून त्यानं स्पोर्ट्स कार वर ओढून नेली. अख्खी वाडी बघायला जमली होती. भिवा तेव्हापासून मामांना भेटला की आधी दोर हाय का विचारायचा.

परत आल्यावर मामींनी निकाल दिला. टायर बदलल्याशिवाय त्या गाडीत बसणार नाहीत. बदलून पुढच्या पंचमीला चढण चढली तर ठीक, घसरली तर या जन्मात पुन्हा नाही. मामांनी हे ओट्यावर मला सांगितलं तेव्हा सुपारी कातरायची थांबली होती. बत्तीस वर्षं राहिलेली गोष्ट त्यांच्या हातातून पुन्हा निसटायला आली होती, आणि त्यांना खरंच भीती वाटत होती.

मग वर्षभर टायरशोध चालला. गोव्याच्या मेकॅनिकनं सांगितलं, या गाडीला परदेशी टायरच घालायला हवेत. त्यानं सांगितलेल्या एका टायरच्या किमतीत आमच्याकडं दुभती म्हैस येते. कुणी म्हणालं, जुन्याच टायरवर नवं रबर चढवून घ्या. मामा उखडले. रिमोल्ड म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल, म्हणाले. कुणी जीपचे टायर सुचवले, ते चाकाच्या खोबणीत मावेनात. मी मोबाइलवर वाचून सांगितलं, परदेशात लोक दोन जोड ठेवतात, एक उन्हाळी, एक हिवाळी. मामा म्हणाले, चपला हायत व्हय? आणि दुसरा जोड ठेवायचा कुठं, मामीच्या भाताच्या कणगीत?

त्याच मोबाइलवर मला ऑल सीझन हा शब्द सापडला. मामांनी विचारलं म्हणजे काय, आणि माझ्या तोंडून सहज निघालं, बारमाही.

जोयड्यात हा शब्द साधा नाही. आमच्याकडं बारमाही दोनच गोष्टींना म्हणतात, झऱ्याला आणि रस्त्याला. झरे आहेत. बारमाही रस्त्यासाठी मात्र एकेका वाडीनं आजोबाच्या काळापासून अर्ज केलेत. प्रत्येक निवडणुकीत तो मिळतो आणि प्रत्येक पावसाळ्यात वाहून जातो. मामा शब्द तोंडात घोळवत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मामी आतून बघायला आल्या.

"सरकार बारमाही रस्ता करंल तवा करंल," ते म्हणाले. "आपन तो चाकाला बांधून न्यायचा."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. बारमाही, परवडणारं, आणि आपल्या मापाचं. बेळगावात त्यांच्या ओळखीचं एक टायरचं दुकान होतं, तिथं फोन करायचं ठरलं. घरात रेंज येत नाही. ती फणसाच्या थांब्याच्या कट्ट्यावर, उजव्या कोपऱ्यात, डावा पाय उचलला तर येते. मी वही धरून खाली उभा होतो. मालक दुकानात नव्हता, नव्यानं लागलेल्या एका माणसानं फोन घेतला. रेंज तुटत होती, त्यामुळं मामा ओरडून बोलत होते आणि तिकडचं बोलणंही मला ऐकू येत होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मामांचं मराठी घरचं, पण कामाची भाषा कन्नड. पावसाला ते घरात पाऊस म्हणतात, पण रस्ता, ब्रेक, टायर असा विषय निघाला की तोंडात डेपोतला शब्द येतो, मळे. कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. बेळगावच्या त्या माणसाला कन्नड येत नव्हतं असं नाही. पण फोनवर समोरून मराठी येतंय म्हटल्यावर त्यानं ते मराठीच ऐकलं. आणि मराठीत मळे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मामा म्हणाले, मळेत चालणारं टायर पाहिजे. त्यानं विचारलं, मळ्यात चिखल कितपत? मामा म्हणाले, गुडघाभर. त्यानं विचारलं, गाडी कसली?

"लाल हाय," मामा ओरडले. "बुटकी हाय. आवाज लई करती."

"मान्सं किती बसत्यात?"

"चालवनारा धरून दोन."

पलीकडचा माणूस म्हणाला, समजलं. मामांनी माप सांगायला सुरुवात केली आणि रेंज गेली. पाय बदलून बघितला, दोन्ही पाय उचलता येईनात. पण तो समजलं म्हणाला होता ना, म्हणून मामा खुशीत होते. माझ्या वहीतलं माप वहीतच राहिलं.

चार दिवसांनी बेळगावहून आलेल्या बसच्या मागच्या सीटवरून चार टायर उतरले. बस शंकरची. शंकर मामांच्या हाताखाली शिकलेला, त्यांना गुरू म्हणणारा. त्यानं आधीच तीनदा हॉर्न वाजवून थांब्यावर माणसं जमवली होती. टायर उतरले आणि सगळे वाकून बघायला लागले. अरुंद, उंच, आणि त्यावर तिरपे, बोटभर जाड रबराचे दांडे. टिलरचे टायर होते. लाल, बुटका, आवाज लई करणारा, मळ्यात गुडघाभर चिखलात चालणारा, त्याच्या मागच्या ट्रेलरची धरून चार चाकं. त्या माणसाची एका शब्दानंही चूक नव्हती.

मामांनी टायरांभोवती एक फेरी मारली. एकाला हातानं थापटलं, नखानं टोकरलं आणि म्हणाले, टायर चांगलं आहे. मग हात झटकून म्हणाले, पण आमचं नव्हे. मामी तोपर्यंत पायरीवर बसल्या होत्या. हसून त्यांना उभं राहता येत नव्हतं. डोळे पुशीत म्हणाल्या, आता गाडीनं भात लावा. मामा गंभीर चेहऱ्यानं पुन्हा कट्ट्यावर चढले, डावा पाय उचलला, दुकानाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, मळ्यात पाहिजे म्हणालासा की. मामांनी एका पायावरूनच फोन खाली घेतला. मळे, मळे, असं दोनदा स्वतःशीच म्हणाले आणि मग असे हसायला लागले की शंकरनं त्यांना धरून खाली उतरवलं. दोन टायर दुकानानं परत घेतले. दोन मामांनी ठेवून घेतले. भिवाच्या टिलरचे टायर झिजलेत, म्हणाले, पंचमीची भेट होईल.

यापुढं टायर डोळ्यांनी बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, असं ठरवून आम्ही दोघं बसनं बेळगावला गेलो. टायर कसा निवडावा हे त्या दिवशी मी बघितलं. दुकानमालक सभ्य माणूस, त्यानं दहा-बारा टायर मांडले. मामांनी आधी प्रत्येकाच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचून घेतले. त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, टायर कधी जन्मला ते. पत्रिका बघितल्याबिगर सोयरीक नको, म्हणाले. दुकानात पडून म्हातारे झालेले पाच तिथंच बाद झाले. मग नख रोवून रबर बघितलं. फार कडक असेल तो पावसात घसरणार, फार मऊ तो उन्हात झिजणार. दोन्ही काळ सोसणारा मधला हवा. मग टायर उभा धरून त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. खाचांतून पाणी बाहेर पळतं की आतच घोटाळतं, ते वाकून बघितलं. मालकाच्या फरशीवर तळं झालं.

शेवटी दोन उरले. एक महागाचा, एक परवडणारा. मालकानं सचोटीनं सांगितलं की टायरवर वेगाचं एक अक्षर असतं. महागाच्या टायरवर वरचं अक्षर आहे, ताशी अडीचशेला चालेल, आणि असल्या गाडीला नियमानं तेच लागतं. परवडणारा एकशे नव्वदपर्यंतचाच. मामांनी विचारलं, ह्यात पंचवीसचं न्हाई काय? मालकाला ती थट्टा वाटली. मी त्याला बाजूला घेऊन मामांची हकिगत सांगितली, थांब्यांसकट. तो हसला, मग जरा विचार करून म्हणाला, पंचवीसला हे अक्षर काय, कुठलंही चालेल.

तरी मामांचं मन होईना. स्वस्त म्हणून घेतलं आणि चढणीवर दगा दिला तर? ते बराच वेळ दोन्ही टायरांवर हात ठेवून उभे राहिले. मग मालकाला म्हणाले, "किंमत सोडा. तुमच्या मंडळींना म्हायराला न्यायचं हाय, मळे पडायलाय, तर कंच्यावर बसवशीला?"

या खेपेला मळे बरोबर समजलं. मालकानं दोन्ही टायर बघितले आणि परवडणाऱ्यावर हात ठेवला. ह्याच्या खाचा खोल आहेत, म्हणाला. मामांनी चार घेतले. परतीच्या बसमध्ये ते अवघडून मागच्या सीटवर टायरांशेजारी बसले, ड्रायव्हरच्या मागची सीट मोकळी असताना.

टायर चढल्यावर मामींनी तपासणी केली. तांदळाच्या आधणात बोट घालून पाणी बघतात तसं एका खाचेत बोट घातलं. नख बुडालं, म्हणाल्या, आता चढणीवर बघू.

पंचमीच्या आधी आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. सकाळी मामा नवा खाकी शर्ट घालून, मामी हिरवं लुगडं नेसून, असे दोघं निघाले. मी दारातून रैट म्हणालो आणि लगेच छत्री घेऊन थांब्याकडं धावलो, कारण टिलरचे दोन टायर गुंदला पोचवायचं काम माझ्याकडं होतं. शंकरच्या बसमध्ये मला एक तिकीट आणि टायरांना दोन लगेज तिकिटं मिळाली. कुंबारवाडा फाट्याच्या पुढं आम्ही गाडीला गाठलं, ते साहजिकच होतं. शंकरनं बस मागं लावली ती लावलीच. पुढं जा की, म्हणून माहेरवाशिणी ओरडायला लागल्या. शंकर म्हणाला, गुरू पुढं असताना मी ओव्हरटेक मारत नाही. मग कुणीतरी गेल्या वर्षीची गोष्ट काढली, आणि थोड्या वेळात ती अख्ख्या बसला ठाऊक झाली. पोरंबाळं पुढच्या काचेशी आली. बस पंचवीसनं चालली होती आणि आता कुणाचीही तक्रार नव्हती.

कारवीची चढण आली. लाल पाणी दोन्ही बाजूंनी धावत खाली येत होतं. वर टोकाला प्लास्टिकचा कागद पांघरून भिवा उभा. शेजारी टिलर, खांद्यावर दोर. खाली मोरीपाशी, रस्त्याखालून ओढा जातो तिथं, एक थांबा आहे, पण त्या पावसात थांब्यावर कुणी नव्हतं. मामांनी गाडी डावीकडं घेतली आणि उभी केली.

उभी राहिली ती हलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. बसमध्ये कुजबूज सुरू झाली, घाबरले असतील, म्हातारा माणूस. भिवा वरून दोर हलवून दाखवत होता. मला कारण ठाऊक होतं. मी खिडकी वर सारली आणि ओरडायला श्वास घेतला. शंकरनं मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, तुमी बसा," तो म्हणाला.

मी बसलो. पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्या गाडीत दोन माणसं समोर बघत बसली होती, आणि दोघंही हट्टी. एवढ्यात डाव्या बाजूची काच खाली गेली. हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला, पावसात भिजला, आणि त्यानं दारावर दोनदा थाप मारली.

"रैट!"

इतक्या खणखणीत आवाजात तो शब्द मी कुठल्याही कंडक्टरकडून ऐकलेला नाही. गाडी निघाली. अर्ध्यात, बरोबर गेल्या वर्षीच्या जागी, मागचं चाक जरासं सरकलं आणि बसमधल्या माहेरवाशिणींनी पुढच्या सीटचे दांडे धरले. मग खाचांतून पाण्याच्या धारा दोन्हीकडं उडाल्या, चाकानं जमीन धरली, आणि ती चपटी लाल गाडी चढण चढून गेली. भिवा दोर घेऊन बाजूला झाला. टोकाला थांबा नाही, म्हणून मामा थांबले नाहीत. बसमध्ये जो कल्ला झाला त्यात मी छत्रीनं दोनदा पत्रा बडवला, हे कबूल करतो.

त्या पावसाळ्यातच माझी बदली झाली. निघायच्या दिवशी मामा-मामी बाजाराला गेले होते, भेट झाली नाही. म्हणून मामा आठवले की मला त्या चढणीपलीकडची सरळ वाटच दिसते. आमची बस वर आली तेव्हा गाडी पुढं चालली होती आणि मामींचा हात अजून खिडकीबाहेर होता. पूर्ण बाहेर, कोपरापर्यंत, पावसात पसरलेला. बोटभर बाहेर काढलं तर बस उभी करणारा माणूस त्यांच्या शेजारी बसला होता आणि गाडी उभी राहिली नाही. पुढं वाटेत एक थांबा आला, गाडी न थांबता तोही मागं गेला.

शंकरनं आपल्या बसच्या वेगाच्या काट्याकडं बघितलं, डोळे चोळून पुन्हा बघितलं, आणि हळूच मला म्हणाला, "मास्तर, पस्तीस."